रंग नवा, नंबर कुणाचा?

मिलिटरी हिरवा रंग. बॉनेटवर पांढरा तारा. पुढची काच पाडलेली, मागे जेरीकॅन लटकवलेला. खाली मजकूर: "विलिस जीप, 1942 मॉडेल, अमेरिकन ओरिजिनल, फुल रिस्टोअर, कागद ओके. फक्त शौकिनांनी फोन करावा."

नगर जिल्ह्यात (अहिल्यानगर म्हणायचं, माहीत आहे, जिभेला वेळ लागतोय) फोनवर अशा जाहिराती सारख्या फिरत असतात. एमएच 16 ची गाडी, एमएच 17 ची गाडी. खाली बदाम, आग, "एक नंबर भावा". पण "कागद ओके म्हणजे नक्की काय ओके?" असं विचारणारा एकही नाही. आज तेवढंच विचारायचं आहे, आणि जरा कडक विचारायचं आहे. कुणाला लागलं तर लागू द्या.

आधी गाडीबद्दल. जीप अमेरिकेची, यात वाद नाही. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपा बनवल्या. युद्ध संपल्यावर त्यातल्या काही इकडेच राहिल्या आणि लिलावात निघाल्या. 1945 साली मुंबईत सुरू झालेल्या महिंद्रांच्या कंपनीने पुढे विलिसच्या जीपा इथेच जोडायला आणि मग बनवायलाही घेतल्या. उंच बॉनेटची सीजे-3बी तिकडे 1953 ला आली, तिकडे बंद झाली, तरी आपल्याकडे कितीतरी वर्षं निघत राहिली. आपलं नगर तर रणगाड्यांचं गाव. आर्मर्ड कोअरचं केंद्र इथे, रणगाडा संग्रहालय इथे, गाड्यांवर संशोधन करणारी व्हीआरडीई इथे. त्यामुळे जीप आपल्याकडे सिनेमातून आली नाही, भिंगार कॅम्पातून आणि डिस्पोजलच्या लिलावातून आली. कारखान्याच्या शेतकी खात्यातून आली, पंचायत समितीतून आली. पाथर्डी-शेवगावच्या रस्त्यावर पंधरा माणसं आणि दोन बोकडं घेऊन धावली. निवडणुकीत तिच्यावर कर्णे बांधले. शेवटी एखाद्या शेडमध्ये कडब्याखाली जाऊन बसली.

आता तिला भाव आलाय. आणि भाव आला की लबाडी येते.

धंदा असा चालतो. गावात एजंट येतो. शेडमधली जीप बघतो, नाक मुरडतो. "अण्णा, भंगार आहे ओ, पण तुमच्यासाठी नेतो." काही हजारांत सौदा. आरसीचं पिवळं पडलेलं बुक मागतो आणि टीटीच्या कोऱ्या फॉर्मवर सह्या घेतो. जीप टेम्पोत चढते आणि अण्णांच्या दृष्टीने विषय संपतो. विषय खरं तर तिथून सुरू होतो. एजंटला जीप नको असते, त्याला ते बुक पाहिजे असतं. लोखंड कुठेही मिळतं. पन्नास-साठ वर्षांपूर्वीचं खरं बुक मिळत नाही.

मग चासी 540 ची, दर्शनी भाग 3बी चा, इंजिन पिजो नाहीतर डीआय डिझेल, बॉडी नवी कोरी, हरियाणातल्या मंडी डबवालीकडून आलेली. तिथे जीपांच्या बॉड्या आणि आख्ख्या जीपा जोडून देण्याचा मोठा बाजार आहे, सगळ्या देशाला ठाऊक आहे. वरून पुटी, रंग, तारा. आणि या सगळ्यावर अण्णांच्या बुकातला नंबर ठोकलेला. झाली "1942 अमेरिकन ओरिजिनल" तयार. काही हजारांची गाडी काही लाखांना पुण्या-मुंबईच्या शौकिनाच्या दारात.

याला रिस्टोअर म्हणत नाहीत. रिस्टोअर म्हणजे होती तशी परत उभी करणे. कुजलेला पत्रा कापून त्याच मापाचा पत्रा घालणे, तेच इंजिन बोअर करून घेणे, तेच पाटे, तीच गिअरपेटी. हे करणारे मिस्त्री आपल्या जिल्ह्यात आहेत. एकेका बुशिंगसाठी महिना महिना फिरतात. त्या माणसाचं सहा महिन्यांचं काम आणि पंधरा दिवसांत जोडलेली खिचडी बाजारात एकाच शब्दाने विकली जाते. माझा खरा राग इथे आहे. खोट्याला भाव मिळाला की खऱ्या कारागिराला "एवढे कशाला लागतात ओ?" हे ऐकावं लागतं.

ज्या अमेरिकेचं नाव घेऊन हे विकतात तिथे काय चालतं तेही बघा. तिकडे साठच्या दशकातल्या दांडग्या इंजिनच्या उघड्या गाड्यांना, मस्टँग, पॉन्टिअॅक जीटीओ वगैरेंना, आज जबर किंमत आहे. 1964 ला जीटीओ आली तेव्हा ती वेगळी गाडी नव्हती, लमाँ नावाच्या साध्या मॉडेलवर घेता येणारं जादा पॅकेज होतं. म्हणजे साध्या लमाँला जीटीओचे बिल्ले लावले की झाली जीटीओ! लबाडी तिकडेही भरपूर झाली. पण मग तिथल्या बाजाराने उपाय काढला. गिऱ्हाईक रंगाकडे नंतर बघतं, आधी नंबर जुळतात का ते बघतं. चासीचा नंबर, इंजिनवरचा नंबर, कंपनीच्या जुन्या नोंदी. त्या नोंदींची नक्कल पैसे भरून मिळते. नक्कल केलेली गाडी "नक्कल" म्हणूनच विकतात, तिलाही गिऱ्हाईक असतं, फक्त भाव वेगळा. आपण तिकडून तारा घेतला, जेरीकॅन घेतला, नंबर बघायची सवय तेवढी घेतली नाही.

आणि बघायला फार अक्कल लागत नाही. युद्धातल्या विलिसच्या चासीचा पुढचा आडवा दांडा गोल पाइपचा असतो, फोर्डचा उलट्या यू आकाराचा. फोर्डने आपल्या नटबोल्टांवरसुद्धा एफ अक्षर उठवलेलं आहे. पुढच्या जाळीला युद्धातल्या जीपेला नऊ फटी, नंतरच्या नागरी जीपेला सात. "1942" म्हणून विकायला काढलेल्या गाडीच्या फटी मोजा. फुकट आहे.

आता कायदा. "कायदा कोण बघतं" असं म्हणणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा.

मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीने बनवलेल्या गाडीत मूळ तपशिलाविरुद्ध बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने असा बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. प्रत्येक बदलामागे, बरं का. वर सांगितलेल्या खिचडीत किती बदल आहेत ते तुम्हीच मोजा.

"पण आमची विंटेज आहे." बरं. विंटेजचे नियम जुलै 2021 मध्ये आले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली दुचाकी किंवा चारचाकी, मूळ रूपात राखलेली, आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार न केलेली. डिझेल इंजिन टाकलंत तिथेच विंटेज संपली. तारा कितीही पांढरा असू दे.

यापेक्षा गंभीर गोष्ट अण्णांची आहे. त्यांनी कोऱ्या फॉर्मवर सही केली, पण आरटीओच्या दफ्तरात मालक अजून तेच आहेत. कलम 50 प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत कळवायचं असतं. कळवलं नाही आणि त्या जीपेने पुढे कुणाला उडवलं, तर? फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात निकाल दिला: गाडी कितीही हातांतून गेलेली असो, दफ्तरात नाव ज्याचं, भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे नेवाशाच्या शेतकऱ्याने भंगार म्हणून दिलेली जीप ठाण्यात माणूस मारते आणि नोटीस येते नेवाशाला. विमा नसेल, आणि अशा गाडीला बहुधा नसतोच, तर जमिनीवर बोजा. आणि खरंच भंगारात दिली असेल तर कलम 55 प्रमाणे तसं कळवून बुक आरटीओत जमा करायचं असतं. ते एजंटच्या खिशात घालायचं नसतं.

वरातीचा धंदा बघा. उघडी जीप, फुलांच्या माळा, बॉनेटवर दोन मित्र, मागे डीजे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने लावलेली. खासगी विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही. ब्रेक कधीच्या कुठल्या गाडीचे, कुणाला माहीत नाही. पुढे नाचणारी पोरं आपलीच असतात. अशी जीप विकणारा आवर्जून सांगतो, "लग्नसराईत वसूल होते." हो, होते. एखाद दिवशी दुसऱ्याच कुणाकडून वसूल होते.

मला माहीत आहे उत्तरं काय येणार. "शौक आहे, तुम्हाला का जळजळ?" शौकाला विरोध कुणाचा आहे? उलट तुमचा शौक फसवला जातोय म्हणून लिहितोय. खिचडी जीप हौसेने बाळगायची असेल तर निदान विकताना खिचडी म्हणून विका. "सगळेच करतात." सगळेच करतात म्हणून तर जिल्ह्यातलं खरं बुक असलेली खरी जीप कुठली, हे आता कुणालाच सांगता येत नाही.

एक मुद्दा मात्र समोरच्यांचा खरा आहे आणि तो मी सोडणार नाही. सरकारने खऱ्या मालकाला काय दिलं? वीस वर्षांपुढच्या हलक्या मोटारीची नोंदणी पुन्हा करायची फी ऑगस्ट 2025 मध्ये 5,000 वरून 10,000 केली, तीही पाच वर्षांपुरती. म्हणजे दहा वर्षांचे 20,000. विंटेज म्हणून नवी नोंदणी केली तर दहा वर्षांचे 20,000. पैसे तेवढेच! फरक एवढाच की विंटेज घेतली तर ती रोज रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती, एवढ्यासाठीच बाहेर काढायची. मलबार हिलवरच्या गॅरेजात सहा गाड्या झाकून ठेवणाऱ्याला हे परवडतं. राहुरीच्या शेतकऱ्याची आजोबांची जीप आजही मळ्यात जाते, तिला यात जागाच नाही. ज्याची नोंदणी कधीच संपली, त्याने आता दंड भरत, हेलपाटे घालत ती जिवंत करायची. त्यापेक्षा एजंट बरा, असं त्याला वाटलं तर दोष एकट्या त्याचा नाही. एक खातं जुनी गाडी म्हणजे वारसा म्हणतं, तेच खातं फी वाढवून सांगतं की मोडीत काढा. आणि या दोन्हींच्या मधल्या फटीत एजंट गब्बर होतो.

म्हणून मागणी साधी आहे. लायसनसाठी आरटीओचा कॅम्प तालुक्याला लागतोच. वर्षातून एक दिवस तोच कॅम्प जुन्या जीपांसाठी लावा. चासी नंबर, इंजिन नंबर, बुक, तिन्ही समोरासमोर ठेवून बघा. जुळलं तर तसा शेरा द्या, नाही जुळलं तर तसाही द्या. ज्या शहरात व्हीआरडीई आहे तिथे चासी ओळखणारा माणूस सापडत नाही, असं कृपया सांगू नका. आणि ज्याची नोंदणी संपली पण गाडी मूळ आहे, त्याला उशिराच्या दंडात सूट द्या.

तोवर ज्यांच्या शेडमध्ये जीप आहे त्यांनी एक करा. कोऱ्या फॉर्मवर सही नाही. एजंट गडबड करू लागला तर त्याला चहा पाजा आणि म्हणा, "चला, आपण दोघं मिळून आरटीओत जाऊ, नाव लावून घेऊ, मग न्या." बघा किती जण चहा संपवून थांबतात.