भालकीचं तिकीट कधी काढावं?

जानेवारी सरत आला की आमच्या घरात एक प्रश्न ठरलेला असतो: यंदा भालकीला कधी जायचं?

भालकी म्हणजे हिचं माहेर. बीदर जिल्ह्यातला तालुका. पणजीत कुणाला सांगितलं की हमखास विचारतात, "म्हणजे कर्नाटकात ना? मग मराठी कसं काय बोलतात?" मग मी १ नोव्हेंबर १९५६ पासून सुरुवात करतो. जुनं हैदराबाद राज्य मोडलं, मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि बीदर-गुलबर्गा म्हैसूर राज्यात. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद इथली कितीतरी घरं आजही मराठी बोलतात, शाळेत कानडी शिकतात आणि बाजारात दखनी उर्दूत घासाघीस करतात. (गुलबर्ग्याचं कलबुर्गी झालं २०१४ साली. आमच्या सासुरवाडीत मात्र अजून गुलबर्गाच.)

तर प्रश्न तिकिटाचा.

आमच्या शेजारचा मुलगा पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेला, त्याला बरीच वर्षं झाली. चतुर्थीला आला की आम्हाला शहाणपण शिकवतो. युरोपात उन्हाळ्यात कुठं जायचं असेल तर तो मार्च-एप्रिलमध्येच तिकिटं काढून मोकळा होतो. "जितकं लवकर तितकं स्वस्त, अंकल!" त्याचं तिथं खरंच आहे. १९९७ पासून युरोपीय संघातली कुठलीही विमान कंपनी संघातल्या कुठल्याही दोन शहरांमध्ये उड्डाण करू शकते. मोठ्या शहरांमध्ये एकाने विमान बंद केलं तर दुसऱ्याचं असतं. आणि १४ दिवसांपेक्षा कमी मुदत देऊन विमान रद्द केलं, तर लहान पल्ल्याच्या प्रवासाला माणशी २५० युरो भरपाई मागता येते (अस्मानी-सुलतानी कारणं सोडून). अशा ठिकाणी लवकर तिकीट काढण्यात काय धोका आहे?

मीही २०२३ साली हे शहाणपण आमच्या संसाराला लावून पाहिलं. मे महिन्यात अण्णांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, सहस्रचंद्रदर्शन होतं. जानेवारीतच गोवा-हैदराबादची तीन तिकिटं काढली, सगळ्यांत स्वस्त वर्गातली. हैदराबादहून बीदर साधारण १४० किलोमीटर, पुढे भालकी चाळीसेक. हिला म्हटलं, "बघ, कसं जमवलं!" रजेचा अर्ज मात्र टाकला मार्चअखेरची बिलं संपल्यावर. त्यात ऑडिट आलं. रजा नामंजूर झाली निघण्याच्या चार दिवस आधी. स्वस्त तिकीट रद्द करताना बहुतेक पैसे कापले जातात हे तेव्हा कळलं. नंतरच्या तारखेचं पाहिलं तर दर तिप्पट, आणि कार्यक्रम तर होऊन जाणार. मायलेकी गेल्या, मी टेबलावर फायली लावत बसलो. संध्याकाळी अण्णांचा फोन. त्यांच्या त्या खास भालकीच्या बोलीत, "जावईबापू, कधी यायलाव?" मी म्हटलं, दिवाळीत. दिवाळीतही जमलं नाही. पुढच्या वर्षी गेलो, तो त्यांच्या दहाव्याला.

तेव्हापासून 'लवकर म्हणजे स्वस्त' हे वाक्य मला पचत नाही. आपल्याकडे तिकिटाची वेळ तीन गोष्टींवरून ठरते: रजा, रेल्वे, आणि ते विमान त्या महिन्यात असणार आहे की नाही. युरोपातल्या माणसाला यातली तिसरी शंका सहसा येत नाही.

बीदरचंच घ्या. तिथं हवाई दलाची धावपट्टी फार जुनी. पण हैदराबादच्या नव्या विमानतळाशी झालेल्या करारात दीडशे किलोमीटरच्या आत दुसरा विमानतळ नको अशी अट होती, त्यामुळे प्रवासी वाहतूक वर्षानुवर्षं अडली. शेवटी ७ फेब्रुवारी २०२० रोजी 'उडान' योजनेत बंगळूरचं विमान सुरू झालं. नंतर ते थांबलं. जून २०२२ मध्ये दुसऱ्या कंपनीनं सुरू केलं, २०२३ च्या अखेरीस तेही थांबलं, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा सुरू. कलबुर्गीचा विमानतळ २२ नोव्हेंबर २०१९ चा, म्हणजे बीदरच्या जेमतेम अडीच महिने आधीचा. बीदरचा हा लपंडाव पाहिल्यावर मेच्या लग्नासाठी जानेवारीत तिकीट काढणाऱ्याला धाडसीच म्हणायला हवं.

यात कुणा एका कंपनीचा दोष काढून उपयोग नाही. योजनेची घडणच तशी आहे. लहान मार्गावरची तूट भरून काढायला सरकार अनुदान देतं, बदल्यात निम्म्या जागांचे दर बांधलेले (सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजार रुपये). पण हे अनुदान तीनच वर्षं. कॅगचा ऑगस्ट २०२३ चा अहवाल सांगतो की पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग वाटले गेले, त्यांतले ३७१ सुरू झाले, ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली आणि मार्च २०२३ पर्यंत त्यापुढे टिकले अवघे ५४. म्हणून माझं सरळ मत आहे की अनुदानावर चालणाऱ्या प्रत्येक मार्गाच्या तिकिटावर 'अनुदानाची मुदत अमुक तारखेपर्यंत' असं छापलं पाहिजे. दुधाच्या पिशवीवर तारीख असते, मग विमानाच्या तिकिटावर का नको?

विमान रद्द झालं तर पैसे परत मिळतात, असं कुणी म्हणेल. मिळतात. पण दोन आठवड्यांहून आधी कळवलं तर नियमाप्रमाणे भरपाई नाही, आणि तोपर्यंत रेल्वेची आरक्षणं संपलेली. पैसे परत आले तरी हुकलेलं आरक्षण परत येत नाही.

रेल्वेचं गणितही बदललं आहे. पूर्वी १२० दिवस आधी आरक्षण मिळायचं, १ नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस. म्हणजे १० मेची गाडी हवी असेल तर ११ मार्चला सकाळी आठला संगणकासमोर. आणि विमानांचं उन्हाळी वेळापत्रक लागू होतं मार्चच्या शेवटच्या रविवारपासून, त्याचा अंदाज त्याच सुमारास येतो. दोन्ही गोष्टी मार्चच्या मध्यात येऊन मिळतात! आमच्यासारख्यांनी हीच वेळ धरावी. जानेवारीत तिकीट नव्हे, रजेचा अर्ज टाकावा आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात तो सहीसकट हातात घ्यावा. मग आधी रेल्वे, ती पक्की झाल्यावर विमान. गोवा-हैदराबादसारख्या मोठ्या मार्गावर मार्चमध्ये काढलेलं मेचं तिकीट उशिराचं नसतं. केंद्र सरकारनेही २०२२ साली आपल्या कर्मचाऱ्यांना दौऱ्याची आणि एलटीसीची विमान तिकिटं किमान २१ दिवस आधी काढायला सांगितलं, तीन महिने आधी नव्हे. लहान विमान मात्र वेगळं. सत्तर जागांच्या विमानात एका लग्नाचं वऱ्हाड शिरलं की स्वस्त जागा संपल्याच. तिथं वेळापत्रक दिसताच काढावं, आणि हाताशी गाडीचं तिकीट ठेवावं. ते रद्द करताना थोडे पैसे जातात, जाऊ द्यावेत.

दत्तभक्तांसाठी एक सांगायला हवं. आपल्याकडून, साखळीच्या दत्ताला जाणाऱ्यांपैकी पुष्कळजण, गाणगापूरला जातात. तेही कलबुर्गी जिल्ह्यातच, भीमा-अमरजेच्या संगमावर. ९ जून २०२५ रोजी गोवा-सोलापूर विमान सुरू झालं तेव्हा त्यांची मोठी सोय झाली, कारण सोलापूर-वाडी मार्गावरच गाणगापूर रोड स्टेशन आहे. पण वरचा नियम इथंही लागू: आपल्या तारखेला ते आहे ना, हे आधी पाहा. नसेल तर गोवा एक्सप्रेसनं मिरज, तिथून पंढरपूर-कुर्डुवाडीमार्गे सोलापूर. वेळ लागतो, पण पंढरपूर वाटेत पडतं. आणि कलबुर्गीहून बीदरकडे जाणाऱ्यांसाठी २०१७ पासून हुमनाबादमार्गे रेल्वे आहे. माणिकप्रभूंचं दर्शन घेऊन पुढं जाता येतं.

एवढा खटाटोप पाहून मुलगी विचारते, "बाबा, पूर्वी लोक तिथून इथं यायचे कसे?" बीदरच्या बहमनींचा वजीर महमूद गवान सैन्य घेऊन आला आणि १४७२ साली त्यानं विजयनगरकडून गोवा घेतला. त्याआधी सुमारे साडेतीनशे वर्षं, कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याची मुलगी मैलळदेवी गोव्याच्या कदंब जयकेशीला दिली होती. म्हणजे हिच्याच मुलखातली मुलगी नि आमच्याकडचा जावई! त्या जावयाला रजा लागत नव्हती, एवढाच फरक.

यंदाचा अर्ज मी २० जानेवारीला दिला आहे. सासूबाई एकट्याच आहेत आता. साहेबांनी 'चर्चा करा' असा शेरा मारून फाईल परत पाठवली आहे. उद्या चर्चा करतो.