काळं पडलेलं तेल

युरोपातल्या ट्रक-शर्यतींचं चित्रण परवा पाहत होतो आणि चालकांपेक्षा इंजिनातल्या तेलाचाच जीव टांगणीला लागलेला दिसला. पाच टनांहून जड धूड, हजारावर अश्वशक्ती, पण वेगाला मर्यादा ताशी १६० किलोमीटरची. म्हणजे सगळी चुरस वळणावर ब्रेक दाबून पुन्हा झेप घेण्यात. ब्रेक तापतात म्हणून त्यांच्यावर पळता पळताच पाणी फवारतात. टर्बोचा दांडा मात्र तेलाच्या अगदी पातळ थरावर तरंगत गरगरत असतो. डिझेलचा मारा वाढला की काजळी तेलात उतरते नि ते घट्ट होतं. न जळलेलं डिझेल खाली झिरपलं की उलट पातळ होतं. आणि करकचून वळताना तेल चेंबरच्या एका कडेला धावलं तर पंप हवाच ओढतो, बेअरिंग कोरडी पडते. आपल्याकडे डिपस्टिक फडक्याला पुसून ‘तेल काळं झालं, बदला’ म्हणणारे जागोजाग भेटतात. मला हे अजिबात पटत नाही. काजळीचे कण पोटात धरायचे, त्यांच्या गुठळ्या होऊ द्यायच्या नाहीत, हेच त्या तेलाचं काम. काळं झालंय म्हणजे राबतंय. खरी परीक्षा १५० अंश सेल्सिअसला चिरडलं जातानाही दाटपणा टिकतो का, ही. तेलांचे दर्जे ठरवणाऱ्या एपीआय या संस्थेच्या सीके-४ दर्जाने २०१६ मध्ये, चिरडलं जाऊन तेल पातळ होऊ नये, याच्या अटी आणखी कडक केल्या. तेव्हा मंडळी, रंग सोडा, गाडीच्या पुस्तिकेतला दर्जा डब्यावर छापलाय का ते आधी वाचा.