गादीतला आजार मजुराच्या घरात

वस्तीत जुलाबाची साथ आली की पहिले बोट वस्तीकडेच दाखवले जाते. तुमच्याकडे घाण फार, तुम्ही हात धूत नाही. हात धुवायलाच हवेत. पण प्रत्येक जंतू वस्तीत जन्मत नाही. काही पोल्ट्रीच्या शेडमधून आपल्या घरी येतात, आणि त्या मालकाला कुणी जाब विचारत नाही.

पोल्ट्रीत जमिनीवर भाताचे तूस नाहीतर लाकडाचा भुसा पसरतात. त्याला गादी किंवा लिटर म्हणतात. कोंबडी विक्रीला जाईपर्यंत पाच-सहा आठवडे सगळी विष्ठा त्यातच मुरते. पाण्याची भांडी गळली, पाऊस आत आला की गादी ओली होऊन गोळे धरते, अमोनियाने डोळे चुरचुरतात. अशा गादीत साल्मोनेला, ई. कोलाय असे जंतू टिकून राहतात. खाद्याचेही तेच. त्यात मिसळलेल्या मासळीच्या किंवा हाडामांसाच्या भुकटीतून साल्मोनेला येऊ शकतो. उघड्या पोत्यांवर उंदीर फिरले की आणखी भर. कोंबडी मात्र वरून ठणठणीत दिसते.

शेड कोरडी आणि स्वच्छ ठेवण्यापेक्षा खाद्यात-पाण्यात अँटिबायोटिक घालणे अनेकांना सोपे वाटते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेने २०१७ साली उत्तरेकडच्या चार राज्यांतील १२ पोल्ट्र्यांचा अभ्यास जाहीर केला. अनेक औषधांना दाद न देणारे ई. कोलाय गादीत सापडले, आणि ती गादी खत म्हणून टाकलेल्या शेतांच्या मातीतही. २०१९ साली केंद्र सरकारने कोलिस्टिन हे औषध कोंबड्या-जनावरांसाठी बंद केले, कारण इतर औषधे हरतात तेव्हा माणसासाठी तेच उरते. औषध लागू पडले नाही की रुग्णाचे दागिने कसे गहाण पडतात, ते आम्ही परिचारिकांनी वॉर्डात पाहिले आहे.

बॅच गेली की फावड्याने गादी उपसायची, पोती भरायची, मेलेल्या कोंबड्या उचलायच्या. हे काम कुणाच्या वाट्याला येते, ते आपल्याला कुणी सांगायला नको. मेलेले ढोर ओढण्याचेच हे नवे रूप आहे, फक्त वर पत्रे आले. गमबूट, हातमोजे, मास्क, साबण आणि कपडे बदलायला जागा मालकानेच दिली पाहिजे, तीही मजुरीतून न कापता.

मेलेली कोंबडी कुणी फुकट दिली तरी घरी आणू नका. मेलेल्या जनावराचे मांस सोडा, हे बाबासाहेबांनी १९२७ सालीच महाडला सांगितले. त्यात स्वाभिमान होता, आणि आरोग्यही आहे. कामाचे कपडे वेगळे धुवा. विकतचे कच्चे चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांनी जंतू भांड्यांवर जातात. त्याच सुरीने कांदा-कोथिंबीर चिरू नका. आतला गुलाबी रंग जाईपर्यंत शिजवा. पोराला जुलाब लागले तर ओआरएस सुरू करा. शौचात रक्त किंवा जोराचा ताप असेल तर मेडिकलमधून गोळी न आणता दवाखाना गाठा, आणि घरात कुणी पोल्ट्रीत जाते हे डॉक्टरांना सांगा.

आणि येत्या ग्रामसभेत महिला मंडळाने उभे राहून विचारावे: पोल्ट्रीतून उपसलेल्या गादीचा ढीग कुठे टाकतात, तो झाकलेला असतो का, आणि आपल्या विहिरीपासून किती लांब आहे?