धोका कमी, तरी मरण जास्त! खेड्यातल्या छातीच्या कळेकडे बघणार कोण?

शेतकरी बंधूंनो, गोठ्यातल्या म्हशीचं पोट रात्री फुगलं तर आपण सकाळची वाट बघत नाही. जनावरांच्या डॉक्टरला फोन लावतो, शेजाऱ्याला उठवतो, गाडी काढतो. तासभर उशीर झाला तर जनावर हातचं जाईल हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. आणि घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीत कळ आली तर? 'पित्त झालंय', 'गॅस धरलाय' म्हणून आपण सोडा पाजतो, ओवा चघळायला देतो, पाठीला बाम चोळतो आणि म्हणतो, 'सकाळी बघू.' कित्येक घरांत ती सकाळ तिरडी बांधायलाच उजाडते.

हृदयविकार हा शहरातल्या, बसून खाणाऱ्या श्रीमंतांचा रोग आहे, अशी आपल्याकडे घट्ट समजूत आहे. उन्हातान्हात राबणाऱ्याला, भाकरी खाणाऱ्याला कसला हार्ट ॲटॅक? ही समजूत किती महागात पडते, ते संशोधनाने आकड्यांनिशी दाखवून दिलं आहे.

'प्युअर' नावाच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. भारतासह १७ देशांतल्या ६२८ शहरी आणि ग्रामीण वस्त्यांतली दीड लाखाहून जास्त माणसं त्यात होती. त्यांच्यावर सरासरी चार वर्षं लक्ष ठेवलं गेलं. हृदयविकाराला पोषक अशा गोष्टी शहरातल्या माणसांत जास्त आढळल्या. म्हणजे आपली समजूत इथवर बरोबर. पण हृदयविकार, पक्षाघात यांसारखे प्रत्यक्ष प्रसंग मोजले तेव्हा पारडं फिरलं. दर हजार माणसांमागे वर्षाला शहरात असे ४.८३ प्रसंग घडले, तर खेड्यात ६.२५. असा प्रसंग ओढवलेल्यांपैकी शहरात शेकडा साडेतेरा दगावले, खेड्यात शेकडा सतरा. धोका शहराला जास्त, मरण मात्र खेड्याला जास्त. असं का व्हावं?

याचं उत्तर आपल्याच देशातल्या दुसऱ्या एका पाहणीत सापडतं. 'क्रिएट' नावाच्या या पाहणीत ५० शहरांतल्या ८९ रुग्णालयांत हृदयविकाराने दाखल झालेल्या सुमारे २१ हजार रुग्णांची नोंद ठेवली गेली. निष्कर्ष २००८ साली छापून आले. मोठा झटका आलेल्या रुग्णांपैकी निम्म्यांना दवाखान्याच्या दारात पोचायला सहा तास किंवा त्याहून जास्त वेळ लागला होता. रुग्णालयात पोचल्यावर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मिळायला लागलेला वेळ मात्र साधारण पन्नास मिनिटांचा. बघा, वेळ डॉक्टरपेक्षा घरी आणि रस्त्यातच जास्त गेला.

त्याच पाहणीतली दुसरी गोष्ट मनाला लागणारी आहे. महिनाभरात दगावणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत रुग्णांत शेकडा साडेपाच होतं, गरिबांत शेकडा आठच्या वर. गरिबाचं हृदय काय वेगळ्या मातीचं असतं? मुळीच नाही. मिळालेले उपचार हिशेबात धरले तेव्हा हा फरक उरलाच नाही. गरिबाला औषधं कमी मिळाली म्हणून गरीब जास्त मेला. यात नशिबाला बोल लावण्यासारखं काही नाही. माणसांनी केलेली ही उणीव आहे आणि माणसांनाच ती भरून काढता येईल.

'मोठा आजार म्हणजे लाखांचा खर्च' असं म्हणून हात टेकणाऱ्यांनी तर १९८८ सालचा 'आयसिस-२' हा प्रयोग समजून घ्यावा. १७ हजारांवर रुग्णांवर तो झाला. त्यात ॲस्पिरिनची साधी, स्वस्त गोळी महिनाभर दिल्याने पाच आठवड्यांतले मृत्यू जवळपास पाव हिश्शाने घटले. जोडीला स्ट्रेप्टोकायनेज हे गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं तेव्हा मृत्यू चाळीस टक्क्यांनी खाली आले. फुग्याची शस्त्रक्रिया हा पुढचा आणि अधिक चांगला इलाज आहेच. पण ती सोय लांब असली तरी जवळपास काहीच होत नाही असं नाही. अट एकच, ती वेळेची. पेरणीचा वापसा जसा कोणासाठी थांबत नाही, तसंच हे आहे.

म्हणून आधी खूण ओळखा. छातीच्या मधोमध दाब, जड ओझं ठेवल्यासारखं वाटणं, कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, थंड घाम सुटणं, दम लागणं. मधुमेही माणसांत आणि बायाबापड्यांत कधी कधी कळ येतच नाही, नुसता दम, मळमळ आणि गळाठा. असं झालं की रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर मध्ये बसवून नेऊ नका. १०८ ला फोन करा. ही सेवा २०१४ पासून राज्यात आहे आणि फुकट आहे. फोनवरच्या डॉक्टरला विचारून, तो सांगेल तर ॲस्पिरिन चावायला द्या. पित्तच निघालं तर देवाची कृपा म्हणा. फेरी फुकट गेली याचं दुःख कुणी करू नये.

आता झटका येण्याच्या आधीचं बोलू. १९४५ साली अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट मेंदूत रक्तस्राव होऊन वारले. त्यांचा रक्तदाब कितीतरी वाढलेला होता आणि डॉक्टरांना तो ठाऊकही होता. पण आजच्यासारखी गोळी तेव्हा नव्हती. वय वाढलं की रक्तदाब वाढायचाच, असंही पुष्कळ डॉक्टर मानत. पुढे १९४८ साली फ्रेमिंगहॅम नावाच्या एका गावात ५,२०९ सामान्य स्त्री-पुरुषांची तपासणी सुरू झाली आणि ती वर्षानुवर्षं चालू राहिली. रक्तदाब, रक्तातली चरबी, सिगारेट यांचा हृदयाशी असलेला संबंध जगाला त्या गावाने शिकवला. त्यानंतर २००४ साली ५२ देशांत झालेल्या 'इंटरहार्ट' अभ्यासाने हिशेब आणखी पक्का केला. तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, चरबी, पोटाचा घेर, मनावरचा ताण, फळं-भाजीपाला कमी खाणं, व्यायाम नसणं आणि दारूचं पिणं या नऊ गोष्टींशी जगातल्या पहिल्या झटक्यांपैकी शेकडा नव्वद झटक्यांचा संबंध लागतो. आपल्या दक्षिण आशियातल्या माणसाला पहिला झटका सरासरी ५३ व्या वर्षी येतो. बाकीच्या जगापेक्षा पाच-सहा वर्षं आधी. ऐन कर्जफेडीच्या आणि लेकीच्या लग्नाच्या वयात!

'मी विडी ओढत नाही, नुसती तंबाखू मळतो,' असं म्हणणाऱ्यांनीही खूश होऊ नये. याच अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांना झटक्याचा धोका दुपटीहून जास्त आढळला. चुना लावून चघळली म्हणून ती निर्दोष होत नाही.

रक्तदाबाचं तर विचारूच नका. तो दुखत नाही, खुपत नाही. पाइपलाइनमध्ये दाब वाढत असताना वरून काही दिसत नाही, जोड निखळला की मगच चिखल दिसतो. 'मला काही त्रास नाही, मग गोळी कशाला?' आणि 'एकदा सुरू केली की सुटत नाही,' ही दोन वाक्यं मी शेकडो वेळा ऐकली आहेत. अहो, पिकाला पाणी एकदा दिलं की पुन्हा द्यावंच लागतं, म्हणून आपण पहिलं पाणी द्यायचं थांबतो का? रक्तदाब पुन्हा पुन्हा मोजून १४०/९० किंवा त्यावर भरत असेल तर डॉक्टरचं ऐका. लोणचं, पापड, खारवलेली मिरची कमी करा आणि गोळी मनाने सोडू नका. जी गोळी रूझवेल्टना मिळाली नाही ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.

पण सगळं शेतकऱ्याच्या माथी मारून चालणार नाही. सरपंच, सदस्य, भाऊसाहेब, पोलीस पाटील, आता तुमच्याशी बोलतो. गावात कमान उभी राहते, पेव्हर ब्लॉक बसतात. रक्तदाब मोजायचं यंत्र त्या मानाने किती रुपयांचं? ते ग्रामपंचायतीत ठेवा. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची तपासणी करणं हे आरोग्य खात्याचं ठरलेलं काम आहे. गावातल्या किती जणांची झाली, किती जणांना गोळी चालू आहे आणि किती जणांनी ती सोडली, याचा आकडा आशाताई आणि उपकेंद्राकडून घेऊन ग्रामसभेत वाचून दाखवा.

दुसरं, १०८ आणि गावातल्या दोन गाडीवाल्यांचे नंबर चावडीवर, दूध डेअरीवर, सोसायटीच्या भिंतीवर ठळक रंगवा. जवळच्या कोणत्या रुग्णालयात रात्री ईसीजी निघतो आणि गुठळीचं इंजेक्शन मिळतं, ते आजच जाऊन विचारून या. तहान लागल्यावर विहीर खणून भागत नाही.

तिसरं, ईसीजीचं यंत्र धूळ खात पडलं असेल, रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या असतील, तर ठराव करून वरच्या अधिकाऱ्यांना लेखी विचारा. रस्त्याच्या खड्ड्यासाठी आपण मोर्चा काढतो, मग यासाठी एक अर्ज जड का व्हावा? आणि चौथं, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू-गुटखा विकायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे. टपरी आपल्याच भावकीतल्या माणसाची असली तरी कायदा तोच!

बंधूंनो, पाऊस आपल्या हातात नाही, बाजारभाव आपल्या हातात नाही. पण छातीत कळ आल्यावर सोडा पाजायचा की गाडी काढायची, हे आपल्याच हातात आहे. म्हशीसाठी रात्री उठणारा माणूस घरच्या धन्यासाठी, घरच्या मालकिणीसाठी उठला, तर खेड्यातलं हे जास्तीचं मरण नक्की कमी होईल. येत्या ग्रामसभेत एवढा एक विषय घ्या.