बियाणे म्हणजे माफीपत्र नव्हे

जपानच्या अकिता प्रांताने २०२५ पासून आपल्या लाडक्या 'अकिताकोमाची' तांदळाच्या जागी 'अकिताकोमाची आर' हा वाण आणला. फरक एका जनुकाचा. भाताची मुळे ज्या वाटेने मँगनीज ओढतात, त्याच वाटेने खाणींतून शेतात आलेले विषारी कॅडमियमही रोपात शिरते. नव्या वाणात ती वाटच बंद आहे.

ती उघडी राहिल्याची किंमत जपानने मोजली आहे. कामिओका खाणीतले कॅडमियम जिंझू नदीने तोयामाच्या खाचरांत उतरले. तिथला भात खाऊन हाडे ठिसूळ झालेले रुग्ण 'इताई, इताई' म्हणजे 'दुखतंय, दुखतंय' असे कण्हत. तेच त्या रोगाचे नाव झाले. सरकारने खाणीचा दोष १९६८ मध्ये मान्य केला, रहिवाशांनी खटला १९७१ मध्ये जिंकला, पण दूषित शेतांची माती बदलायचे काम २०१२ पर्यंत चालले.

मग नवा वाण आल्याने प्रश्न मिटला का? नाही. दाणा स्वच्छ झाला, तरी कॅडमियम मातीतच आहे. शिवाय वाट बंद झाल्याने मँगनीजही कमी मिळते. वाणाचा पूर्वज किरणोत्सर्गाने घडवलेला, पण पिशवीवर नाव जुनेच. ग्राहक बिथरले ते यामुळे. किरणांनी वाण घडवणे नवे नाही. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात असाच घडवलेला भुईमूग आपण वर्षानुवर्षे खातो. भीती वाढते ती लपवाछपवीने.

हा धडा आपल्यासाठीही आहे. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने जनुक-संपादित 'पुसा डीएसटी राईस १' जाहीर केला. दुष्काळ आणि क्षार सोसणे हा त्याचा गुण. संशोधकांचे कौतुक करायलाच हवे. पण सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी उसाला पाटाने वारेमाप पाणी पाजून जमिनी क्षारपड झाल्या, त्याचे उत्तर बियाण्याच्या पिशवीत नाही. भात क्षार सोसेल. पुढच्या हंगामातले पीक सोसेलच असे नाही. जनुक एका पिकाला वाचवते, जमिनीला पुढची सगळी पिके पोसायची असतात.

म्हणून सरकारने असे वाण जरूर द्यावेत, पण पिशवीवर खरे नाव छापून. आणि सोबत निचऱ्याचे चर, मोजून पाणी व प्रदूषण करणाऱ्यांकडून वसुली यांचाही आराखडा द्यावा. नाहीतर बियाणे सुधारत जाईल आणि माती बिघडवणारा मोकळाच राहील.