राखीव गोलरक्षक

आंतरहाऊस फुटबॉलच्या बक्षीस समारंभात सर्वाधिक गोल करणाऱ्याला चषक मिळतो. राखीव गोलरक्षकाचे नावसुद्धा पुकारले जात नाही. मैदानावर मुलांना शिकवणारा म्हणून मला हे पटत नाही, आणि त्यासाठी मी जपानच्या सेइगो नाराझाकींचे उदाहरण देतो.

नाराझाकी १९९५ पासून योकोहामा फ्ल्यूगेल्सकडून खेळू लागले. १९९८ मध्ये प्रायोजकाने हात काढून घेतला आणि हा संघ शेजारच्या मारिनोस संघात विलीन करायचे ठरले. निर्णय कळल्यावरही ही मुले सम्राट चषकात एकेक सामना जिंकत गेली. १ जानेवारी १९९९ रोजी अंतिम सामन्यात शिमिझू एस-पल्सला २-१ हरवले, आणि संघ तिथेच संपला. मोडीत निघणाऱ्या पलटणीने शेवटची परेडही कडक करावी, तसे झाले. नाराझाकी मग नागोयाला गेले आणि निवृत्तीपर्यंत वीस हंगाम तिथेच राहिले.

राष्ट्रीय संघातली गोष्ट वेगळी. १९९८, २००२, २००६ आणि २०१० अशा चार विश्वचषकांसाठी त्यांची निवड झाली, पण खेळायला मिळाले फक्त २००२ मध्ये. १९९८ आणि २००६ ला योशिकात्सु कावागुची गोलात उभे होते. २०१० ला स्पर्धेच्या तोंडावर सात वर्षांनी लहान एइजी कावाशिमाने जागा घेतली. त्याच संघात कावागुचीही होते, तिसरे गोलरक्षक म्हणून! आदल्या वर्षी त्यांचा पाय मोडला होता. प्रशिक्षक ओकादांनी त्यांना नेले ते मुख्यतः संघ बांधून ठेवण्यासाठी.

बाकावरून परतलेल्या नाराझाकींनी त्याच वर्षी नागोयाला पहिले लीग विजेतेपद मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला आणि ते लीगचे सर्वोत्तम खेळाडू ठरले. हा मान मिळवणारे ते पहिलेच गोलरक्षक. २०१६ ला नागोया दुसऱ्या श्रेणीत घसरला, तेव्हा चाळिशीतले नाराझाकी संघ सोडून गेले नाहीत. पहिल्या श्रेणीत त्यांचे एकूण ६३१ सामने झाले, तो तेव्हाचा विक्रम होता.

राखीव आघाडीवीराला शेवटची दहा मिनिटे तरी मिळतात. राखीव गोलरक्षकाला तीही नाहीत, पण सराव तितकाच. पालक विचारतात, "खेळवतच नाही, तर अभ्यासाचा वेळ का घालवायचा?" प्रश्न रास्त आहे. नुसते 'धीर धर' म्हणून मुलाला वर्षभर चेंडू आणायला लावणे हा अन्यायच, आणि तो आम्हा प्रशिक्षकांकडून घडतो. तो का बसला आहे आणि काय सुधारले तर उभा राहील, हे त्याला तोंडावर सांगितले पाहिजे.

बारावीच्या कॅडेट्सना हे जास्त जवळचे वाटेल. एनडीएच्या गुणवत्ता यादीत काहींचे नाव येईल, काहींचे नाही. न आलेला मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे पीटीला कसा उभा राहतो, हे मी जास्त बारकाईने पाहतो. नाराझाकी तीन विश्वचषकांत तसेच उभे होते.

पुढच्या हंगामापासून साखळीतला किमान एक सामना प्रत्येक हाऊसने दुसऱ्या गोलरक्षकाला द्यावा, असे मी क्रीडा समितीला सुचवले आहे. हरण्याची भीती वाटणाऱ्या हाऊस मास्तरांशी चर्चेला मी तयार आहे.