लढाईत होते, कागदावर नाहीत

१९७१च्या डिसेंबरात जे जवान विशीत होते, ते आता पंचाहत्तरीत आहेत. त्यांच्या सेवा-नोंदीत राहून गेलेली युद्धपदकं चढवायची असतील, तर ते काम येत्या चार-पाच वर्षांतच करावं लागेल. त्यानंतर पदकं येतील ती वारसांच्या नावावर. १९६५च्या लढाईतल्यांसाठी तर आताच उशीर झाला आहे.

मी सैन्यात क्लार्क होतो. आधी पलटणीच्या ऑफिसात आणि पुढे एका रेकॉर्ड ऑफिसात माझी सगळी नोकरी कागदांत गेली. सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि रावेतला घर घेतलं. देहूरोड छावणी जवळ असल्यामुळे किवळे, विकासनगर, निगडी या पट्ट्यात माजी सैनिक भरपूर. कितीतरी जणांनी सैन्यानंतर चाकण-तळवड्याच्या कंपन्यांत सिक्युरिटीची दुसरी नोकरी केली आणि आता दोन्हीकडून मोकळे झाले. मी रेकॉर्डला होतो हे कळल्यापासून ते पिशवीत कागद घालून माझ्याकडे येतात. बहुतेकांचं काम पेन्शनचं असतं. 'स्पर्श' या पेन्शन पोर्टलवरचा हयातीचा दाखला, बायकोच्या नावातली चूक, जन्मतारखेतला फरक, अशा गोष्टी. पण मधूनच एखादा डिस्चार्ज बुक उघडतो, पदकांच्या रकान्यावर बोट ठेवतो आणि विचारतो, "साहेब, मी लढाईत नव्हतो का?"

असे एक हवालदार आमच्याच बाजूच्या सोसायटीत राहतात. वयाने माझ्यापेक्षा थोरले. १९७१ला ते पायदळाच्या पलटणीत पश्चिम आघाडीवर होते. त्यांच्या बुकात सैन्य सेवा मेडल आहे, दीर्घ सेवेचं आहे, स्वातंत्र्याच्या २५व्या वर्धापनदिनाचंही आहे. पण १९७१च्या युद्धासाठीचं पश्चिमी स्टार नाही आणि संग्राम मेडलही नाही. त्यांच्याबरोबर एकाच खंदकात असलेला सातारा जिल्ह्यातला सोबती दोन्ही पदकं लावतो. मी त्यांचे जुने कागद भिंग घेऊन पाहिले. एका जुन्या कागदावर त्यांच्या सैनिक क्रमांकाचे शेवटचे दोन अंक उलटे पडले होते. कुणीतरी घाईत टाइप केलेला कागद. त्या उलट्या अंकांच्या मागे पदकांची नोंद दुसऱ्याच्या खात्यात गेली असणार, असं माझा अनुभव सांगतो.

हे कसं घडतं ते वाचकांना सांगायला हवं, कारण बाहेरच्या माणसाला वाटतं की सैन्यात सगळं शिस्तीत असतं. जवानाच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट, म्हणजे लग्न, मूल, बढती, बदली, जखम, पदक, पलटणीच्या 'पार्ट टू ऑर्डर'मध्ये छापली जाते. तो पार्ट टू रेकॉर्ड ऑफिसला जातो आणि तिथे त्याच्या शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रावर, चढतो. मराठा लाइट इन्फन्ट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावात, तोफखान्याचं नाशिकरोडला, बॉम्बे सॅपर्सचं आपल्या खडकीला. निवृत्तीच्या वेळी शीट रोल पाहून डिस्चार्ज बुक भरलं जातं. म्हणजे पार्ट टू निघालाच नाही, किंवा निघाला पण क्रमांक चुकला, किंवा आला पण चढला नाही, तर त्या जवानापुरती ती लढाई झालीच नाही. आणि पार्ट टू कधी निघायचे? लढाई संपल्यावर, पलटण हलत असताना, निम्मे लोक रजेवर आणि काही हॉस्पिटलात असताना. जखमी होऊन मागे पाठवलेल्या माणसाची नोंद सगळ्यात आधी हरवते. तो पलटणीत नसतो आणि त्याच्या वतीने विचारणारंही कुणी नसतं.

इथे एक भेद स्पष्ट करतो, कारण तो न केल्यामुळे बरेच खरे दावे वाया जातात. वीरचक्र, सेना मेडल ही शौर्याची पदकं. ती शिफारशीने मिळतात, वरच्या अधिकाऱ्यांच्या निर्णयाने मिळतात आणि ५० वर्षांनी तो निर्णय पुन्हा उघडणं जवळजवळ अशक्य आहे. ते तसंच असावं असं माझंही मत आहे. पण पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, समर सेवा स्टार, ऑपरेशन विजय स्टार यांना शिफारस लागत नाही. ठरलेल्या काळात ठरलेल्या क्षेत्रात तुमची पलटण होती आणि तुम्ही तिच्यात होतात, एवढं पुरतं. हा हक्क आहे. कुणी खूश होऊन द्यायची ही वस्तू नाही. जंगी पलटण, म्हणजे पहिली मराठा, डिसेंबर १९७१मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात जमालपूरला होती हे युद्धाच्या प्रत्येक इतिहासात आहे. मग त्या पलटणीच्या नॉमिनल रोलवर, म्हणजे नावांच्या यादीवर, ज्याचं नाव आहे, त्याच माणसाला पंचाहत्तराव्या वर्षी "तुम्ही तिथे होतात याचा पुरावा आणा" असं का सांगायचं? पुरावा सरकारच्याच कपाटात आहे.

"प्रकरण फार जुनं आहे" हे उत्तर मला सगळ्यात जास्त खुपतं. आपली पदकांची व्यवस्थाच मागच्या तारखेने सुरू झाली. परमवीर, महावीर आणि वीरचक्र २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाले आणि लागू केले १५ ऑगस्ट १९४७पासून. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८मध्ये नौशेरा-राजौरी रस्त्यावर गोळीबारात सुरुंग आणि अडथळे काढून रणगाड्यांना वाट करून दिली, तेव्हा परमवीर चक्र नावाचं काही अस्तित्वात नव्हतं. कारवारकडचे राणे हयातीत परमवीर मिळालेले पहिले सैनिक ठरले आणि १९९४मध्ये आपल्या पुण्यातच वारले. जखमी सैनिकांसाठीचं वूंड मेडल, ज्याला पुढे पराक्रम पदक नाव मिळालं, १९७३मध्ये सुरू झालं आणि तेही १९४७पासून लागू केलं गेलं. म्हणजे २५-२६ वर्षं मागे जाऊन जखमींची नोंद घेता येते, हे या देशानेच दाखवलं आहे.

पदकाने पोट भरत नाही, मग एवढा आटापिटा कशाला, असं मला घरातलेही विचारतात. युद्धक्षेत्रातल्या स्टारला दरमहा पैसे नसतात, हे खरं. पण ज्या पार्ट टूमधून पदक गळतं, त्याच पार्ट टूमधून जखमही गळते. गोळी लागलेला माणूस 'बॅटल कॅज्युअल्टी' म्हणून नोंदला गेला तर त्याला युद्धजखमेचं पेन्शन मिळतं. 'फिजिकल कॅज्युअल्टी' म्हणून नोंदला गेला तर साधं अपंगत्वाचं, आणि ते बरंच कमी. एका शब्दाचा हा फरक आयुष्यभर दर महिन्याला सोसावा लागतो आणि नवरा गेल्यावर बायकोच्या कुटुंब पेन्शनपर्यंत जाऊ शकतो. मी पाहिलेल्या कागदांत पदक नसणं ही बहुतेक वेळा पहिली खूण असते. खोदत गेलं की खाली जखमेची नोंदही सापडत नाही.

आणि समजा पैशाचा प्रश्नच नाही. तरी १५ ऑगस्टला सोसायटीच्या झेंडावंदनाला "पदकं लावून या काका" असं मुलं सांगतात, तेव्हा हे हवालदार ब्लेझर घालत नाहीत, साध्या शर्टात मागे उभे राहतात. काहीजण दुकानातून नक्कल विकत घेऊन लावतात. त्यांना मी दोष देत नाही, पण मला ते बघवत नाही. खऱ्या पदकाच्या कडेवर जवानाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. नकलेची कड कोरी असते. लावणाऱ्याला ते ठाऊक असतं.

उशिरा का होईना, न्याय देता येतो याचं उदाहरण आमच्याच शहरात, थेरगावात आहे. मुरलीकांत पेटकर, मूळचे सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, सैन्याच्या ईएमई या यांत्रिक कोअरचे जवान. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर निकामी झालं. पुढे पोहायला लागले आणि १९७२मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचं सुवर्णपदक जिंकलं, भारताचं पहिलं. १९८२मध्ये त्यांनी अर्जुन पुरस्कारासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. पद्मश्री आली २०१८मध्ये आणि अर्जुनचा जीवनगौरव जानेवारी २०२५मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी. तोही त्यांच्यावर चित्रपट येऊन गेल्यावर. त्यांचं यश तर सोन्याचं आणि जगाने पाहिलेलं होतं, तरी पन्नासहून जास्त वर्षं लागली. खंदकात पहारा दिलेल्या शिपायावर कुणी चित्रपट काढणार नाही.

ज्यांच्या हाताशी वकील आणि हुद्दा आहे, त्यांचीही वाट सोपी नाही. कारगिलमध्ये बटालिक भागात ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचं नेतृत्व केलेले ब्रिगेडियर देविंदर सिंग यांना आपल्या ब्रिगेडच्या लढाईचं खरं वर्णन अधिकृत इतिहासात यावं म्हणून सशस्त्र दल न्यायाधिकरणात जावं लागलं. अहवालात फेरफार झाला होता हे न्यायाधिकरणाने मान्य केलं आणि इतिहास दुरुस्त करायला सांगितलं, ते २०१०मध्ये. युद्धानंतर ११ वर्षांनी. ब्रिगेडियरला ११ वर्षं, तर हवालदाराला किती? शिवाय न्यायाधिकरणाच्या कायद्यात अर्जाची मुदत सहा महिन्यांची आहे. पदकाची चूक लक्षात येते ती निवृत्तीनंतर, कधी नातवाने डिस्चार्ज बुक वाचून दाखवल्यावर.

त्याहून मोठी भीती कागदच नष्ट होण्याची आहे. पेन्शन नसलेल्या जवानाची सेवा-कागदपत्रं नियमाप्रमाणे २५ वर्षांनी नष्ट केली जातात, पेन्शनरांची ५० वर्षांनी. कायम राहतो तो लाँग रोल, आणि त्यात तपशील फार थोडा असतो. पण म्हणून हात झटकायचे का? अमेरिकेत १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १ कोटी ६० लाखांहून जास्त सैनिकांच्या फायली जळाल्या. तिथल्या सरकारने पगाराची व्हाउचरं, तुकड्यांचे दैनंदिन अहवाल, हॉस्पिटलच्या नोंदी जुळवून माणसांच्या सेवेचा इतिहास पुन्हा उभा केला आणि आजही ते काम चालू आहे. आपल्याकडेही वॉर डायरी आहे, नॉमिनल रोल आहे, पे अकाउंट्सकडे भत्त्याच्या नोंदी आहेत, लष्करी रुग्णालयांची दाखल-रजिस्टरं आहेत. जून २०२१मध्ये संरक्षण मंत्रालयाने धोरण जाहीर केलं की २५ वर्षांपूर्वीचे युद्धविषयक कागद साधारणपणे खुले करावेत आणि वॉर डायऱ्या इतिहास विभागाकडे सोपवाव्यात. इतिहास लिहिण्यासाठी त्या उघडणारच असतील, तर त्याच टेबलावर जवानांच्या नोंदीही पडताळता येतील.

म्हणून माझं मागणं सरळ आहे. अर्जाची वाट पाहू नका. कोण हयात आहे हे सरकारला दरवर्षीच्या हयातीच्या दाखल्यावरून ठाऊक आहे. प्रत्येक रेकॉर्ड ऑफिसने १९६२, १९६५ आणि १९७१च्या हयात पेन्शनरांचा पदकांचा रकाना त्या-त्या पलटणीच्या नॉमिनल रोलशी स्वतःहून ताडून पाहावा, राहिलेले पार्ट टू आता काढावेत. जिथे मूळ कागद नियमाने नष्ट झाला आहे, तिथे शंकेचा फायदा जवानाला मिळावा, कारण कागद त्याने नष्ट केलेला नाही. खोटे दावे येतील, हे मान्य. मीही काही पाहिले आहेत. पण नॉमिनल रोलवर नाव नसलेला माणूस तिथेच अडकतो, त्यासाठी खऱ्यांना ताटकळत ठेवायची गरज नाही. आणि पदक पोस्टाने पाठवू नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या अधिकाऱ्याने ते घरी जाऊन द्यावं, जवान नसेल तर त्याच्या पत्नीच्या हातात. राज्याचा सैनिक कल्याण विभाग पुण्यातच आहे. सुरुवात इथून, या जिल्ह्यातून करता येईल.

तोवर ज्यांच्या घरात डिस्चार्ज बुक आहे त्यांनी ते आजच बाहेर काढावं. सैनिक क्रमांकातला प्रत्येक अंक आणि नावाचं स्पेलिंग पे बुकाशी, जुन्या पत्रांशी ताडून पाहा. ज्या पलटणीत होतात तिचा क्रमांक, कंपनी, त्या काळच्या कंपनी कमांडरचं नाव आणि एकाच तुकडीतल्या ज्या सोबत्याला पदक मिळालं आहे त्याच्या बुकाची प्रत, एवढं जोडून आपल्या कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत, आणि पोच घ्या. मूळ बुक कुणाच्या हाती देऊ नका. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकाराखाली आपल्या शीट रोलची प्रत मागा. नकार आला तर तो तोंडी ऐकून परत येऊ नका, लेखी घ्या. न्यायाधिकरणाची सहा महिन्यांची मुदत त्या कागदाच्या तारखेपासून मोजतात.